पहिल्या चित्रात काय असावे? मानवी तस्करी, गाव आणि चित्रकथा

निळी शाई

गेल्या वर्षभरात आम्ही पाच जणांनी मिळून मानवी तस्करीविषयी गावोगावी दाखवता येईल अशी बारा चित्रांची एक कथा तयार केली. दोघे चित्रे काढणारे, दोघे गावबैठकांचा अनुभव असलेले आणि लिहिणारी मी. पहिल्याच प्रयोगात ही कथा सपशेल पडली. ती का पडली ते मांडावे आणि या विषयात काम केलेल्या, चित्रे काढणाऱ्या किंवा नुसता विचार करणाऱ्या मंडळींचेही म्हणणे ऐकावे, यासाठी हा धागा काढते आहे.

आमच्या कथेत काळ्या कोटातला, डोळ्यांवर टोपी ओढलेला एक माणूस रात्री गाडी घेऊन गावात येत असे. पुढे अंधारी खोली, साखळदंड, गुडघ्यांत डोके घालून बसलेली मुलगी आणि शेवटी तिची सुटका. चित्रे देखणी होती आणि लोकांनी ती श्वास रोखून पाहिली. चर्चेला सुरुवात झाल्यावर एक वयस्क बाई म्हणाल्या, "भयंकरच आहे हे, पण आमच्या गावात असा माणूस कधी आला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा तिथेच संपली. तासाभराने आम्ही सामान आवरत असताना त्याच बाई सहज बोलता बोलता सांगू लागल्या की, त्यांच्या जावेच्या ओळखीतली कोणी एक जण शहरात घरकामाला मुली लावून देते, मागच्या वर्षी दोघी गेल्या, सुरुवातीला पैसे आले, आता मात्र फोन लागत नाही. त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. आणि तो संबंध त्यांना लागू नये याची पुरेपूर व्यवस्था आमच्याच चित्रांनी करून ठेवली होती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, आपण लिहिणारे आणि चित्रे काढणारे लोक या विषयाचा शेवट रंगवत बसतो, कारण शेवट नाट्यमय असतो. गावाच्या वाट्याला मात्र फक्त सुरुवात येते. गावात दिसतो तो ओळखीचा चेहरा, चांगली बातमी आणि उद्याच निघायची घाई. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, उघडकीस आलेल्या बालतस्करीच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांची सुरुवात कुटुंबातल्याच कोणाच्या तरी सहभागाने झाल्याचे आढळले होते. असे असताना आम्ही काळा कोट काढला, हे आता आठवले तरी ओशाळल्यासारखे होते.

बारा चित्रांपैकी निदान आठ चित्रे घर सोडण्यापूर्वीच्या दिवसांची असावीत, असे मला वाटते. अडचण एवढीच आहे की, भीती कागदावर उतरवणे सोपे असते आणि विश्वास उतरवणे फार कठीण असते.

कलमदान

निळी शाई यांच्या अनुभवाला कायद्याच्या बाजूने दुजोरा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारलेला आणि डिसेंबर २००३ पासून अमलात आलेला पालेर्मो प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार मानवी तस्करीची जी व्याख्या करतो, तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग कृतीचा: व्यक्तीची भरती करणे, तिला नेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे, आसरा देऊन ठेवणे किंवा ताब्यात घेणे. दुसरा भाग साधनांचा: बळजबरी, धाक, अपहरण, फसवणूक, सत्तेचा किंवा समोरच्याच्या अगतिकतेचा गैरफायदा, आणि जिच्या ताब्यात ती व्यक्ती आहे तिला पैसे किंवा लाभ देऊन तिची संमती मिळवणे. तिसरा भाग हेतूचा, म्हणजे शोषणाचा, मग ते लैंगिक असो, सक्तीच्या मजुरीचे असो, गुलामीसदृश असो किंवा अवयव काढून घेण्यासाठी असो.

कथा रचणाऱ्याने यातल्या दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. वरीलपैकी कोणतेही साधन वापरले गेले असेल, तर त्या व्यक्तीने दिलेल्या संमतीला अर्थ राहत नाही. म्हणजे "ती स्वतःच्या पायांनी गाडीत बसली" हे वाक्य, जे गावात हमखास ऐकू येते आणि जे पुढे तिच्याच विरुद्ध वापरले जाते, ते कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत साधन सिद्ध करण्याची गरजच नसते. शोषणाच्या हेतूने तिला नेणे किंवा ठेवून घेणे एवढे पुरेसे असते. सीमा ओलांडली जाणे हीसुद्धा या व्याख्येतली अट नाही.

थोडे विषयांतर वाटेल, पण शब्दाबद्दलही बोलायला हवे. 'तस्करी' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रात्री, चोरून, सीमेपलीकडे नेलेला माल उभा राहतो. तुमच्या चित्रकारांना काळा कोट या शब्दानेच सुचवला असावा. सरकारी कागदांतला 'मानवी वाहतूक' हा शब्द तर प्रवासी बसची आठवण करून देतो. बैठकीत मी सरळ 'कामाच्या नावाने फसवून नेणे' किंवा 'लग्नाच्या नावाने फसवून नेणे' असे म्हणतो, आणि तेवढ्याने निम्मे स्पष्टीकरण वाचते.

रेघोटी

मी आरोग्यविषयक चित्रपट्ट्यांसाठी बरीच वर्षे चित्रे काढली आहेत. विश्वास कसा काढावा हा प्रश्न नंतरचा आहे. काढलेले चित्र समोरच्याला दिसते आहे का, हा त्याच्याही आधीचा.

१९७० च्या दशकात नेपाळच्या खेड्यांत युनिसेफच्या सहभागाने एक अभ्यास झाला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढांना वेगवेगळ्या पद्धतींची चित्रे दाखवून त्यांना त्यांत काय दिसते ते विचारले गेले. छटा देऊन काढलेली चित्रे आणि मागची गर्दी काढून टाकलेली छायाचित्रे लोकांनी चांगली ओळखली; अगदी मोजक्या रेषांत काढलेल्या, शैलीदार आकृत्या मात्र पुष्कळांना ओळखता आल्या नाहीत. बाण, बरोबरची खूण, फुली यांसारखी चिन्हे आपल्याला स्वयंसिद्ध वाटतात, ती तिथे तशी नव्हती. चित्रांची मालिका डावीकडून उजवीकडे पाहायची असते हेही लोक गृहीत धरत नव्हते. नुसत्या चित्रातून नवी कल्पना पोचत नाही, चित्रासोबत माणूस लागतो, हा त्या अभ्यासाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला निष्कर्ष आहे. आज मोबाइलमुळे लोकांचे डोळे पुष्कळ सरावले आहेत. पण मुलीच्या डोक्यावर विचारांचा बुडबुडा काढून त्यात शहर दाखवले, तर ते तिचे स्वप्न आहे हे सर्वांना कळेल, असे मी अजूनही गृहीत धरत नाही.

साखळदंडाचेही तेच आहे. साखळदंड ही आपली उपमा असते. पाहणारा ती शब्दशः घेतो आणि ज्या घरात साखळदंड नाही तिथे सगळे ठीक आहे असे समजतो. खरी साखळी बहुतेक वेळा न दिसणारी असते: दिलेली उचल, काढून घेतलेले ओळखपत्र, न दिलेला पगार, "घरच्यांना सांगेन" ही धमकी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची जी अकरा लक्षणे सांगितली आहेत, त्यांत कागदपत्रे काढून घेणे, वेतन रोखणे, कर्जात अडकवणे, एकटे पाडणे ही सगळी येतात, आणि यांतले प्रत्येक लक्षण चित्रात दाखवता येते. एक हात ओळखपत्र देतो आहे आणि दुसरा हात ते स्वतःच्या खिशात ठेवतो आहे, एवढेच चित्र काढा. चेहऱ्यांची गरजच नाही.

आडवाट

मला या सगळ्या खटाटोपाबद्दलच शंका आहे आणि ती मोकळेपणाने मांडतो. गावातल्या माणसाला धोका कळत नाही म्हणून तो फसतो, हे गृहीतक कितपत खरे आहे? हातात काम नाही, डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला धोका पूर्ण कळत असतो. घरी राहण्याचा धोका त्याला त्याहून मोठा वाटतो, एवढेच. अशा माणसाला भीतीची चित्रे दाखवून आपण काय साधतो? मुलींच्या बाबतीत तर याचा उलटा परिणाम होताना मी पाहिला आहे. अशा एका कार्यक्रमानंतर दोन घरांनी आपल्या मुलींचे तालुक्याला शिकायला जाणे बंद केले. तुमच्या चित्रांनी दलालाचे काहीही वाकडे केले नाही, मुलींची शाळा मात्र सुटली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०२२ साली दिलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ४ कोटी ९६ लाख लोक आधुनिक गुलामीत होते. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात. या सगळ्यांनाच तस्करीचे बळी म्हणता येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही एवढ्या मोठ्या व्यवस्थेपुढे बारा चित्रे ठेवायची आणि जबाबदारी पुन्हा त्या गरीब माणसाच्या सावधपणावर टाकायची, हे मला पटत नाही.

निळी शाई

आडवाट यांचा आक्षेप मला झोंबला, कारण आमच्या पहिल्या कथेचे तात्पर्य खरोखरच "घर सोडू नका" असे निघत होते. कामासाठी बाहेर पडणे हा गुन्हा नाही, बहुतेकांसाठी तोच पुढे जाण्याचा मार्ग आहे, आणि बाहेर पडणाऱ्याला अडवणारी कथा एक तर दुर्लक्षित होते, नाही तर मुलींच्या पायांत बेडी बनते. कथेने जाणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायला हवे.

म्हणून नव्या मसुद्यात मुलगी जाते. ती शेवटी कामाला जाते, पण आधी विचारपूस करून जाते. कामाचा पत्ता कुठला, तिथे आधी गेलेल्या कोणाशी बोलता येईल का, प्रवासाचे पैसे कोणी भरले आणि ते कोणाच्या नावावर चढले, मूळ ओळखपत्र कोणाजवळ राहणार, आणि पहिल्या आठवड्यात फोन आला नाही तर घरच्यांनी कोणाकडे जायचे. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडूनच पैसे घेणे ही धोक्याची खूण आहे, हेही त्यात घेतले आहे. खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये हे तत्त्व श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात नमूद आहे, पण गावात ते कोणाच्याच कानावर गेलेले नसते.

जबाबदारीचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. व्यवस्था बदलण्याचे काम चित्रकथा करणार नाही. फोन बंद झाल्यावर तीन महिने वाट पाहायची की तिसऱ्या दिवशी तक्रार करायची, एवढा फरक तिने पाडला तरी माझ्यासाठी ती सार्थकी लागली.

खडू-फळा

प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत मी अनेक वर्षे शिकवले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्य भागातील आंजिकोस या गावी सुमारे तीनशे मजुरांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवले. त्यांच्या पद्धतीत अक्षरांच्या आधी लोकांच्याच जगण्यातला एखादा प्रसंग चित्ररूपाने समोर ठेवून त्यावर चर्चा होत असे. त्या चित्राला उत्तर नसे. आपण सध्या ज्याला जनजागृती म्हणतो तिच्यात चित्र हे उत्तरच असते. लोकांनी ते पाहून घरी जावे एवढीच अपेक्षा असते. चित्र दाखवून "इथे काय चालले आहे?" असे विचारावे आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे कार्यकर्त्यांना सर्वांत जड जाते. पहिली काही मिनिटे कोणी बोलत नाही, मग कोणीतरी म्हणते, "हिच्या आईला विचारले का कोणी?" आणि तिथून खरी बैठक सुरू होते.

यातला एक धोका धाग्यात अजून कोणी मांडलेला नाही. पैसे घेऊन मुली पाठवणारी व्यक्ती, किंवा तिचा दीर, किंवा तिच्याकडून उचल घेतलेले कुटुंब, त्याच बैठकीत बसलेले असण्याची शक्यता पुष्कळ असते. अशा वेळी "तुमच्या गावात असे कोण करते?" हा प्रश्न विचारणे म्हणजे बोलणाऱ्याला उघड्यावर आणणे आहे. चर्चा कथेतल्या माणसांबद्दलच ठेवावी. कथेतल्या, मुली नेणाऱ्या मावशीबद्दल लोक जे बोलतात, ते आपल्या गावातल्या कोणाबद्दल आहे, हे त्यांचे त्यांना पक्के ठाऊक असते. आणि ज्यांना काही सांगायचे असते ते बैठकीत सांगत नाहीत. निळी शाई यांच्या अनुभवातही त्या बाई सामान आवरताना बोलल्या. म्हणून कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नये, रेंगाळावे. माझ्या मते कार्यक्रमाचा खरा उपयोग त्या रेंगाळण्यातच आहे.

सावली

मी सुटका झालेल्या स्त्रियांच्या निवासात काम केले आहे. "एखाद्या पीडितेची खरी कहाणीच का दाखवत नाही?" असा प्रश्न या धाग्यात अजून कोणी विचारला नाही याचे बरे वाटले, पण तो येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली तस्करीतून आलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींविषयी नैतिक आणि सुरक्षिततेच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिलीच सूचना अशी आहे की, इजा करू नका, आणि उलट पुरावा मिळेपर्यंत इजेची शक्यता अत्यंत मोठी आहे असेच समजून वागा. नाव बदलले, गाव बदलले, चेहरा बदलला, तरी एवढ्याशा गावात किती भावंडांतली कितवी मुलगी, कोणत्या वर्षी गेली, परतली तेव्हा बरोबर काय होते, एवढ्या तपशिलांवरून ती ओळखली जाते. तिने पूर्वी दिलेली परवानगी ही तिच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीतली परवानगी असते. दोन वर्षांनी तिचे लग्न ठरलेले असते आणि तुमची चित्रे अजून फिरत असतात.

अनेक प्रसंगांचे अंश एकत्र करून कल्पित कथा रचावी, हे उत्तम. परंतु ज्यांनी हे भोगले आहे त्यांना मसुदा दाखवून त्यांचे मत मानधन देऊन घ्यावे. माझ्या ओळखीतल्या एकीने अशाच एका चित्रमालिकेतले सुटकेचे चित्र पाहून विचारले होते, "यानंतरचे चित्र कुठे आहे?" पोलीस दार उघडतात, प्रकाश आत येतो आणि कथा संपते. तिच्या बाबतीत त्यानंतर गावाने तिला काय म्हटले, हे चित्र कोणीच काढत नाही. तुमच्या बारा चित्रांत परतलेल्या मुलीसाठी एक जागा ठेवा, आणि तिथे गावकऱ्यांनाही दाखवा.

आडवाट

सावली यांचा प्रतिसाद वाचून माझा सूर थोडा खाली आणतो. तरी एक भर घालतो: प्रत्येक कथेत मुलगीच का? आग्नेय आशियात ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे उभे राहिले आहेत, तिथे शिकलेल्या, संगणक येणाऱ्या तरुण मुलांना मोबाइलवरच्या नोकरीच्या जाहिरातींतून बोलावून कोंडून ठेवले जाते आणि त्यांच्याकडून इतरांना फसवण्याचे काम करून घेतले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा स्थितीत असल्याचे अंदाज मांडले होते. गावातला पदवीधर मुलगा तुमच्या चित्रकथेला "हे बायकांसाठी आहे" म्हणून पाठ फिरवतो आणि रात्री त्याच जाहिरातीवर अर्ज भरतो. बारा चित्रांत एक भाऊ असू द्या.

पडदा-मागचा

दाखवण्याच्या तंत्राबद्दल थोडेसे. जपानमध्ये १९३० च्या दशकात फार लोकप्रिय असलेल्या कामिशिबाई या प्रकारात कथेकरी सायकलवर लाकडी चौकट घेऊन फिरत आणि तिच्यातून एकेक चित्र बाजूला सरकवत गोष्ट सांगत. मजकूर चित्रांच्या मागे असतो. समोर दिसणाऱ्या चित्राचा मजकूर गठ्ठ्यातल्या शेवटच्या कागदाच्या पाठीवर लिहिलेला असतो, त्यामुळे सांगणाऱ्याला लोकांकडे पाहत वाचता येते. मुख्य गंमत अशी की, चित्र सरकवण्याचा वेग सांगणाऱ्याच्या हातात असतो. अर्धे चित्र सरकवून थांबता येते.

तुमच्या कथेत हे फार कामाचे आहे. आधी दारात उभी असलेली हसतमुख ओळखीची बाई दिसू द्या, अर्ध्यावर थांबा, खडू-फळा म्हणतात तसे लोकांना बोलू द्या. मग उरलेला भाग सरकवा: मागच्या वळणावर थांबलेली गाडी आणि तिच्यात आधीच बसलेल्या दोन मुली. मागचा मजकूर मात्र धडा म्हणून लिहू नका. चार-पाच प्रश्न आणि थांबण्याच्या जागा, एवढेच तिथे असावे.

निळी शाई

सर्वांचे आभार मानते. नवा आराखडा असा ठरतो आहे. पहिली सहा चित्रे दारापासून निघण्याच्या सकाळपर्यंतची. त्यांत भाऊही आहे, ज्याला त्याच आठवड्यात मोबाइलवर परदेशातल्या नोकरीचा निरोप येतो. सातवे चित्र ओळखपत्राच्या दोन हातांचे. आठवे न लागणाऱ्या फोनचे. नववे आईचे, जी तिसऱ्या दिवशी तक्रार द्यायला निघते. तक्रार कुठे आणि कोणाकडे द्यायची, त्या ठिकाणचा क्रमांक मागच्या बाजूला प्रत्येक भागानुसार बदलून लिहायचा. सुटकेचे चित्र काढून टाकले आहे. त्याऐवजी दोन चित्रे परतलेल्या मुलीची आहेत आणि दोन्हींत गाव आहे. बाराव्या चित्रात तीच मुलगी पुन्हा बाहेर पडते आहे, या वेळी पत्ता लिहून ठेवून.

सुटकेचे चित्र वगळण्यावर गटात बराच वाद झाला, कारण आमच्या एका चित्रकाराचे ते सर्वांत आवडते चित्र होते. शेवटी त्याने ते स्वतःच्या भिंतीवर लावले.

पहिले चित्र मात्र अडले आहे. दारातल्या बाईचे हसू आमच्या दोन्ही चित्रकारांच्या हातून प्रत्येक वेळी कपटी निघते. सात-आठ कागद वाया गेले. लोकांनी तिला पहिल्या क्षणी ओळखले तर पुन्हा तोच काळा कोट होईल. रेघोटी, ते एक चित्र तुम्ही काढून द्याल का?

रेघोटी

देते. कच्ची रेखाटने पाठवा. पण त्याआधी तुमच्या गटाने एक गोष्ट ठरवायला हवी. त्या मुलीला पुढे कुठे नेणार आहेत हे त्या बाईला ठाऊक आहे, की काही वर्षांपूर्वी तिलाही असेच कोणीतरी नेले होते आणि मुलीचे भले होईल असे तिला खरोखरच वाटते आहे? त्यावर ओठांची रेघ ठरेल.